दर्यापूरहून आलेला फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवासमोरसुद्धा मोठ्यानं नाही. तुम्हाला सांगते – तुम्ही ना माझ्या सासरचे, ना माहेरचे.

माझ्या थोरल्या जावेबद्दल आहे. शोभाबाई. ती अकोल्याला जठारपेठेत राहायची, मी अकोटला. वाईट होती का? नव्हती हो. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. दर दिवाळीला तिचा भाऊ वसंता दर्यापूरकडच्या खेड्यातून यायचा, पिशवीत पातळ घेऊन. ती माझ्यासमोर घडी मोडायची आणि म्हणायची, हात लावून पाहा ना. मी हात लावायची, छान आहे म्हणायची. माझा भाऊ अचलपूरला, खाऊनपिऊन सुखी – पण बाबा गेल्यापासून माझ्या उंबऱ्याला त्याचा पाय लागला नव्हता. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळायची. भाऊ असून चंद्राला! शोभाबाईला हे माहीत होतं. ती कधी टोचून बोलली नाही, आणि त्याचाही मला राग यायचा.

ती गेली ऐन मे महिन्यात, पहाटे. वर्षं अशी होती की खेड्यापाड्यातून कुणी गेल्याचं कळलं, की लोक आधी हळूच विचारायचे – फवारणीचं औषध घेतलं का? शोभाबाईचं हृदय बंद पडलं होतं, तरी दोघातिघांनी विचारलंच. मी तिच्या घरीच होते. एका लग्नासाठी अकोल्याला येऊन तिच्याकडे उतरले होते. बॅगेत माझं कोरं हिरवं पातळ होतं, मीच मला घेतलेलं.

तिला पुढच्या खोलीत बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं होतं. उशाशी दिवा, आणि तो विझू नये म्हणून पंखा बंद. सगळे घामाघूम. तरी कुणी उचलायचं नाव काढत नव्हतं, कारण आमच्याकडे सवाष्ण बाई माहेरच्या पातळात जाते. भावानं आणलेलं पातळ नेसवायचं, मळवट भरायचा, मगच न्यायचं. म्हणून वसंताची वाट पाहणं चाललं होतं.

साडेअकराच्या सुमाराला मधल्या खोलीतला फोन वाजला. मीच उचलला.

"ताई, टॅक्सी भरून नाई राहिली, भरल्याबिगर सुटत नाई. दर्यापूरच्या स्टँडवर हावो मी. दोन तास थांबवजा बाईले. हिरवं पातळ घेतलं हाये."

मी म्हणाले, या. फोन ठेवला. तिथून दारातून तिचं तोंड दिसत होतं. बायका म्हणत होत्या, कशी लक्ष्मीसारखी दिसते. आणि मला वाटलं – आजसुद्धा? अशी निजलेली असताना सुद्धा हिचंच पातळ येणार, आणि मीच ते घडी मोडून नेसवायचं? मेलेल्या बाईचा कुणी हेवा करतं का? मी केला.

बाहेर जाऊन मी थोरल्या दिरांना, म्हणजे शोभाबाईच्या नवऱ्याला सांगितलं, "दादा, वसंताचा फोन होता. त्याच्यानं येणं होत नाही म्हणे. तुमचं तुमी उरकून घ्या म्हणाला."

कुणाला शंका आली नाही. दोन वर्षं त्याच्या कपाशीचं काहीच हाती आलं नव्हतं, साऱ्यांना ठाऊक होतं. कुठून आणेल बिचारा पातळ, कुणीतरी म्हणालं. त्याच्या वाईट दिवसांवर माझं खोटं असं सहज खपून गेलं. मग मी बॅगेतून माझं पातळ काढलं. जाऊ असावी तर अशी, असं चार बायका म्हणाल्या. मला ते आवडलं. हे लिहायला नको वाटतं, पण आवडलं.

वसंता आला तेव्हा आम्ही फरशी धूत होतो. पातळ पेपरात गुंडाळून काखेत धरलेलं. त्याला काय सांगितलं मी? सांगितलं, मी थांबा म्हणाले होते, दादांनी ऐकलं नाही. मग नेसवलं काय, त्यानं विचारलं. माझं, म्हणाले. तो वाकला आणि माझ्या पाया पडला. मग मोक्षधामाकडे पळाला. तिथं अग्नी दिलेला होता. दादा चारचौघांत त्याला म्हणाले, आता काहून आला? तो तिथूनच गावाकडे परतला. ती दोन घरं त्या दिवसापासून एकमेकांशी बोलली नाहीत. बोलली असती, तर मी उघडी पडले असते.

शोभाबाईची मीना तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला मामाचं गाव बंद झालं. तिच्या लग्नात मामा म्हणून दादांचा कुणी मित्र उभा राहिला. हळदीच्या दिवशी मी तिची वेणी घालत होते, तेव्हा तिनं विचारलं, "काकू, माह्या मामाले मी नकोच होती काय?"

मी म्हणाले, जाऊ दे बेटा, असतात माणसं अशी. आणि वेणी पुरी केली.

आणि वसंता? तो त्या वर्षीपासून भाऊबीजेला अकोटला माझ्याकडे येतो. दरवर्षी पातळ आणतो. माह्या बहिणीची लाज राखली तुमी, म्हणतो. त्या दिवसाचा विषय काढू नका, असं मी नवऱ्यालाही बजावलं होतं आणि वसंतालाही. दोघांना ते माझं मोठं मन वाटलं. मी त्याला ओवाळते. पातळ नेसते. शेजारणींना घडी मोडून दाखवते सुद्धा.

आता तो थकला आहे, काठी घेऊन चालतो. गेल्या भाऊबीजेला माझी खालावलेली तब्येत पाहून जवळ सरकून बसला. मग म्हणाला, "ताई, तुमचं शेवटचं पातळ मीच आणीन. या टायमाले उशीर नाई होऊ देनार."

मी बरं म्हणाले आणि त्याच्या ताटात अजून एक करंजी वाढली.