हाय असाच

दर्यापूरच्या माझ्या माणसांनो, मी गाव सोडलं त्या सकाळी बैल जुंपून झाले होते. शेजारच्या काकूनं मायला विचारलं, "पोट्टा अमरावतीले इंग्रजी शिकाले चालला म्हन्ते?"

"काई नाई वं," माय म्हणाली, "घरी काई कामाचा नाई, म्हून धाडून राह्यलो."

भर चौकात! असा राग आला, की वाटेतलं भातकुली येईपर्यंत मी गाडीवानावरच खेकसत राहिलो.

आधीची दोन लेकरं गेली म्हणून माझं नाव धोंडू. दृष्ट लागू नये, दुसरं काय! आपल्याकडे चांगल्याला चांगलं म्हणायचंच नाही. शेत पांढरंशुभ्र फुटलं तरी 'हाय असंच'.

शिकलो आणि कापूस घेणाऱ्या एका साहेबाकडे दुभाष्या झालो. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, म्हणून विलायतेला आपला कापूस हवा होता. तिथंच एक इंग्रजी क्रियापद कानी पडलं, बिलिटल. तिथल्याच पुण्याच्या एका कारकुनानं अर्थ सांगितला, "आहे ते कमी करून सांगणं." मला हसूच आलं. अहो, ही तर आमच्या घरची बोली!

पुढल्या हंगामात बा माल घेऊन आला. मायनं एकेक बोंड कचरा झाडून वेचलेलं. साहेबानं विचारलं, "कापूस कैसा है?"

बानं सवयीनं मान खाली घातली. "काय सांगू बाप्पा, हाय असाच. काई साजरा नाई."

'चांगला नाही' एवढं साहेबाला कळत होतं. 'दुय्यम' लिहायला त्यानं टाक उचलला. वर्षाची मेहनत मातीत चालली होती! मी मध्येच बोललो, "सर, माय फादर बिलिटल्स इट. आमच्यात जेवढं चांगलं तेवढं लहान सांगतात. हात घालून पाहा."

साहेबानं कोपरापर्यंत हात घातला, तंतू ओढून पाहिला आणि "फर्स्ट!" असा ओरडला, की दलाल वळून बघायला लागले. माझी छाती ही एवढी फुगली!

"काय म्हनलास रे त्याले?" बानं विचारलं.

"जे खरं हाय ते."

पुढं गाडीवानानं चाचरत सांगितलं, की बा पारावर म्हणाला, "धोंड्या ना? काई नाई, हाय असाच. दोन शब्द येतात त्याले." मला वाईट वाटेल असं गाडीवानाला वाटलं होतं. मी त्याला पेढे खाऊ घातले!

इथं अमरावतीत मला धोंडोपंत म्हणतात, साहेब 'व्हेरी गुड' म्हणतो. ते सगळं राहू द्या. मला 'हाय असाच' म्हणणारी माणसं जिथं आहेत, तेच माझं घर. आणि माये, तू त्या सकाळी काय म्हणाली होतीस, ते मला आता कळलं.