कानसेनांचं टायमिंग

चढाच्या पायथ्याशी कानसेनांचं गॅरेज. जुन्या गाड्यांचं टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची वेळ, ते कानाने लावत, म्हणून हे नाव पडलं. इंजिन चालू ठेवायचं, ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा, आवाज गोड झाला की स्क्रू आवळायचा. मग गाडी चढावर घालायची. ठिणगी वेळेआधी पडत असेल तर तिथे इंजिन खडखडतं, आणि गाडी तशीच चालवली तर पिस्टन जळतो. तसं झालं की टायमिंग जरा मागे घ्यायचं. भाच्याने दिलेला, टायमिंग डोळ्यांनी तपासायचा दिवा खोक्यातच होता. "काठी आंधळ्याने घ्यावी," असं म्हणायचे. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

गेल्या आठवड्यात मास्तरीणबाईंच्या जुन्या गाडीच्या पिस्टनला भोक पडलं. टायमिंग लावून महिनाही झाला नव्हता. कानसेनांनी पेट्रोलमधल्या भेसळीवर खापर फोडलं आणि बाईंनी ते मुकाट्याने मान्य केलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून हा माणूस एका जागी बसेना. भरल्या ताटावरून उठायचा, पाना उचलायचा, पुन्हा ठेवायचा.

आज डॉक्टर टायमिंगला टाकलेली आपली गाडी न्यायला येणार होते. कानसेन तीनदा चढ चढून आले. इंजिन तक्रार करत नव्हतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. चौथ्यांदा निघताना बायको जेवणाचा डबा घेऊन आली.

"बस गाडीत."

"आज कुठे स्वारी?"

"बस म्हटलं ना."

चढ लागला. कानसेनांनी ॲक्सिलरेटर दाबला.

"अहो, हे काय वाजतंय? डब्यात खडे हलवल्यासारखं?"

त्यांना तसं काहीच ऐकू येत नव्हतं. गाडी कडेला घेऊन त्यांनी बॉनेट उघडलं, टायमिंग मागे घेतलं आणि पुन्हा पायथ्यापासून निघाले.

"आता?"

"थोडं आहे."

आणखी दोन फेऱ्या झाल्या, तेव्हा ती म्हणाली, "आता नाही." मग डबा मांडीवर सरकवत, "मास्तरीणबाई गाडी घेऊन गेल्या ना, तेव्हाही असंच वाजत होतं. मी दारातच होते. म्हटलं, मला ऐकू येतं म्हणजे तुम्हाला आलंच असणार."

कानसेनांना तिचा राग आला. मग स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज जाईना. डॉक्टरांची गाडी जागेवर लावून ते तसेच काळ्या हातांनी बाईंच्या दारी गेले.

"बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "त्या पंपवाल्याला काल चार लोकांत चांगलं सुनावलं मी. भेसळ करतो म्हणजे काय? बिचारा खाली मान घालून उभा होता."

"त्याचं काही चुकलं नव्हतं, बाई. पिस्टन मी जाळला." कानसेन उंबऱ्याबाहेरच उभे होते. "मला ऐकू येईनासं झालंय."

हे वाक्य त्यांनी बायकोलाही अजून सांगितलं नव्हतं.