काचेच्या कौलाखालची माती

गावाकडचा माणूस दारात उभा राहिला आणि पाणीसुद्धा नको म्हणाला, तेव्हाच मी काय ते समजले. "वैनी गेल्या," एवढंच तो बोलला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, घोटावड्याची. आई गेल्यावर माझं माहेर तिनंच राखलं होतं. या गोष्टीला आता दीड महिना होईल... तरी ऊन तापायला लागलंय तशी गावाला जायची पिशवी भरावी असं मनात येतंच.

वहिनीचं स्वतःचं माहेर, ते घोटावडे, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. धरण झालं त्याला आता चाळीसेक वर्षं होत आली. ती तेव्हा लहान होती. घर, शेत, देऊळ सगळं बुडालं. निघताना तिच्या आईनं वांग्याचं बी तेवढं फडक्यात बांधून घेतलं आणि लग्नानंतर ते वहिनीबरोबर आमच्या घरी आलं. तसलं वांगं दुसरीकडे कुठंच उरलं नव्हतं. एखाद्या वर्षी रोपं हुकली की वाण संपलं, ही तिला कायमची धास्ती. आमच्याकडचा पाऊस कोवळ्या रोपाला झोडपून काढतो. म्हणून ती वैशाखातच घरात रोपं धरायची, फुटक्या मडक्यांच्या बुडात, माजघरातल्या काचेच्या कौलाखाली. कवडसा सरकला की त्याच्यामागं मडकी सरकवायची. आई होती तेव्हा चिडायची, "घर हाय का वाफा?" वहिनी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की तिच्या गावाची जोती वर यायची. दादा तिला बैलगाडीनं घेऊन जायचा. पहिल्या वर्षी तिनं तिथला गाळ पाटीभर आणला आणि निम्मं बी नुसत्या त्या गाळातच टाकलं. बीही माहेरचं, मातीही माहेरची, मग आणखी काय पाहिजे? पण घातलेलं पाणी सुकताच गाळ खापरासारखा झाला. जी चार रोपं वर आली, तीही बुडाशी बारीक होऊन आडवी पडली. वहिनी त्या दिवशी जेवली नाही. "वन्सं, माजी माती मेली," म्हणाली.

उरलेल्या बियासाठी तिनं भलतंच काढलं. भाताच्या रोपासाठी आपण शेतात पालापाचोळा जाळून राब भाजतो, तशी तिनं आमच्या परसातली माती चक्क घमेल्यात घालून चुलीवर भाजली. घरभर वास. त्यात वारुळाची माती, ओढ्याची वाळू, मुरलेलं शेणखत. मग मूठ दाबायची आणि उघडायची. गोळा हलकेच फुटला की माती जमली. त्या मातीत रोपं तरारली. तरीही दर उन्हाळ्याला ती धरणातला गाळ आणायची आणि प्रत्येक मडक्यात त्याची चिमूट टाकायची.

"एवढ्याशा चिमटीनं काय होतंय हो?" मी एकदा थट्टेनं विचारलं.

"कायबी न्हाई व्हत," ती म्हणाली. "पर माहेरास्नं रिकाम्या हातानं येत्यात व्हय, वन्सं?"

माझी पिशवी तर तिनंच तांदूळ आणि लोणच्यानं गच्च भरलेली असायची.

दहाव्याला पाहुण्यांच्या जेवणासाठी कुणीतरी परसातली सगळी वांगी खुडली. बियाला राखलेलं, पिवळं पडलेलं एक होतं, ते खराब म्हणून शेळीपुढं टाकलं. मागचं बी तर सगळं गेल्या वैशाखातच पेरून झालेलं आणि झाडंही आता वाळायला लागलेली. एरवी तिला विचारल्याशिवाय त्या झाडाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मला खुडणाऱ्या बाईचा फार राग आला, पण तिला तरी काय ठाऊक... दादाला कळलं तेव्हा तो त्या झाडापाशी जाऊन बसला आणि हाक मारली तरी उठेना.

मी निघाले तेव्हा माझी पिशवी मोकळीच होती. दादाच्या ते ध्यानात आलं. द्यायचं काय, हे त्याला कधी बघावंच लागलं नव्हतं. तो घरात इकडून तिकडं फिरला. मग कौलाखाली वहिनीनं दुखण्यातही कालवून ठेवलेली माती होती, ती त्यानं फडक्यात बांधली आणि माझ्या हातात दिली. "ने. तशी जाऊ नगंस..."

ती माती पुण्यात माझ्या खिडकीत आहे. कधी कधी मी मूठभर घेते, दाबते, उघडते. गोळा हलकेच फुटतो. पेरायला माझ्याकडे काही नाही.