कौलात हरलेलं मैदान

मी आगबोटीवर कोळसा ओढणारा माणूस. थापा मारण्यात माझा हात धरील असा गडी रत्नागिरीपासून एडनपर्यंत नव्हता. बोटीचा नांगर गिळणारा मासा पाहिला म्हणून एकदा मामाला सांगितलं, तर मामा गहिवरला आणि आपली मुलगी मला द्यायचं ठरवून मोकळा झाला.

पुढच्या सफरीत बोट उरुग्वे नावाच्या मुलखाला लागली. तिथे देशोदेशींची फुटबॉलची स्पर्धा भरायची होती. खेळाडू येऊन उतरले तरी मोठं मैदान बांधूनच व्हायचं होतं. पावसाने काम रखडलेलं, म्हणून पहिले सामने दुसऱ्या लहान मैदानांवर. मी ते मोठं बघायला गेलो. भोवताली पायऱ्यांवर पायऱ्या, अख्खी रत्नागिरी बसवली तर एका कोपऱ्यात हरवेल. सिमेंट इतकं ओलं की माझं पाऊल त्यात उमटलं. यात एक अक्षर फुगवलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

घरी येऊन हे सांगितलं. मामाने पान चघळणं थांबवलं.

“घर शाकारायच्या आधी वऱ्हाड बोलावतात होय?”

“त्यांनी बोलावलं, मामा.”

“आणि एवढी माणसं कशाला? चेंडूला लाथा मारताना बघायला?”

“हो.”

“मासा मी समजू शकतो, भाच्या. मासा गिळणारच. ही मात्र लबाडी. लबाडाला मी पोर देत नाही.”

तोंडावर आलेलं लग्न मोडायला लागलं. मीच म्हटलं, देवाला कौल लावा. खरं बोलणाऱ्याला भीती कसली? गुरवाने देवाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर मैदान खरं, डावी पडली तर खोटं. सगळी वाडी “होय म्हाराजा” म्हणाली. मी उजव्या कळीकडे डोळे फाडून बघत राहिलो.

डावी पडली.

आता देवाला उरुग्वे दाखवायला कोण नेणार? मामाने मला बाजूला घेतलं.

“चारचौघांत सांग, मैदान नव्हतं. मुलगी तुझी.”

“आणि मासा?”

“मासा राहू दे. त्याने कोणाचं काय बिघडवलंय?”

देवळाच्या पायरीवर उभा राहून मी सांगितलं, मैदान नव्हतं. एवढी मोठी थाप मी जन्मात मारली नव्हती, आणि एकानेही शंका काढली नाही.

लग्नानंतर एकदा तांदूळ निवडता निवडता बायकोने विचारलं, “खरंच नव्हतं?”

देवळातली घंटा ऐकू येत होती. “नव्हतं,” म्हटलं.

माझं पाऊल तिथेच आहे. सिमेंट आता वाळलं असेल.