सोफलनं पुढं केलेला हात

शिरूर अनंतपाळला कुणाच्या पायात काच घुसली, की लोक आजही आधी भागवतरावांकडं जातात. फौजेत ते मलमपट्टीच्या कामावर होते.

१९९३ साली शांतिसेनेतून ते कंबोडियात गेले. तिथं सोफल नावाचा तरुण शाळामास्तर दुभाष्या होता. तो भागवतरावांना भाऊ म्हणायचा, घरून त्यांच्यासाठी आंबे आणायचा.

एका सकाळी मोठ्या तळ्यावरून जखमी आले. तरंगत्या घरांत राहणारे व्हिएतनामी कोळी. तिथल्याच बंडखोर बंदूकवाल्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. एका म्हाताऱ्या बाईच्या खांद्याला लागलं होतं.

"कुठं दुखतंय, विचार तिला," भागवतराव मोडक्या इंग्रजीत म्हणाले.

सोफल विचारेना. मग हळूच म्हणाला, "हे लोक शेकडो वर्षं दक्षिणेकडं सरकत आले. चाम लोकांचं राज्य संपवलं, मग आमचा नदीमुखाचा मुलूख घेतला. त्यांचं ते मोठं शहर, सायगाव, आमचं होतं, भाऊ."

"या बाईनं घेतलं का सायगाव? मासे धरून पोट भरते ती."

"तुम्ही इथले नाही."

बाई स्वतःच सोफलच्या भाषेत काहीतरी बोलली. त्यानं मान खाली घातली.

"काय म्हणाली?"

"म्हणते, माझी आजी याच तळ्यावर मेली. आता मी कुठं जाऊ?"

पुढं कोळ्यांनी घरं होड्यांना बांधली आणि ते नदीनं खाली निघाले. बाईही गेली, जखम ओली असतानाच. व्हिएतनामच्या हद्दीवर पुष्कळांना अडवलं, असं नंतर कानावर आलं. भागवतरावांनी सोफलशी बोलणं सोडलं. परतायच्या दिवशी त्यानं हात पुढं केला, तर ते न बघता ट्रकमध्ये चढले.

घरी येऊन त्यांनी वडिलांना, किशनरावांना, सगळं सांगितलं. "कसली माणसं हायेत, दादा."

किशनरावांनी तंबाखू मळायला घेतली.

"आपल्यात बी पोलीस ॲक्शनला असंच झालतं. जुलूम केला रझाकारानं, आन् गावानं हाकललं आपल्या शेजारच्या मुसलमान पिंजाऱ्याला. लई गरीब माणूस. गाद्या भरून खायाचा."

"आन् तुमी?"

"मी दारात हुबा होतो. बघत."

वडिलांशी बोलणं मात्र भागवतरावांना सोडवलं नाही. शेवटपर्यंत त्यांची सेवा केली.

आता नात सृष्टी मोबाइलवर सोफलला शोधते. त्या नावाची माणसं ढीगभर निघतात; फोटो बघून भागवतराव न्हाई म्हणतात. पिंजाऱ्याची गोष्ट सोफलला सांगायला हवी, असं त्यांना वाटतं. त्या बाईचं काय झालं, हे विचारावं असं तर कुणीच नाही.