दादा केबिनमधून का उतरले
रेल्वेच्या रेकॉर्डरूममध्ये बावीस वर्षं काढलेल्या बाईला आपल्याच वडिलांचे कागद सापडू नयेत, याची तिच्या सहकाऱ्यांना फार गंमत वाटायची. तिला अजिबात वाटत नसे. रेल्वेत पिढ्यानपिढ्या राबलेल्या घरांचे तक्ते ऑफिसच्या भिंतीवर लागणार होते आणि तिच्या घराची रेघ मधेच तुटत होती. आजोबा गँगमध्ये रुळांखाली खडी भरायचे. वडील, म्हणजे दादा, आधी सिग्नलच्या केबिनमध्ये लिव्हर ओढून रूळ बदलणारे सांधेवाले, मग एकाएकी पार्सल ऑफिसात. त्यांच्यामागे ती कारकून. मुलगा आता ड्रायव्हर व्हायच्या बेतात होता. डोळ्यांची तपासणी तेवढी राहिली होती आणि ती आजच, साडेदहाला.

दादांनी केबिन का सोडली, ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. म्हणे साहेबाशी वाजलं आणि दादांनी किल्ली त्याच्या टेबलावर आपटली. दरवेळी सांगताना साहेबाच्या मिशा बोटभर वाढायच्या. दादा ऐकून गप्प बसत. तो त्यांचा मोठेपणा, असं घरचे समजत.

फाइल मिळाली ती दवाखान्याच्या जुन्या गठ्ठ्यात, सव्वादहाला. भांडणाचं नावही नव्हतं. दादांनी लाल समजून हिरवी झेंडी दाखवली होती. पुढे रुळांवर गँग काम करत होती. ड्रायव्हरला माणसं दिसली म्हणून गाडी त्यांच्यापासून बारा पावलांवर थांबली. चौकशीत दादा खरं ते बोलले होते. केबिनमधले लिव्हर ते नंबर बघून ओढत. लाल झेंडीच्या काठीला त्यांनी चाकूनं खाच पाडून ठेवली होती. त्या दिवशी झेंड्यांची नवी जोडी मिळाली आणि खाच पाडायची राहून गेली. खाली डॉक्टरनं लिहिलं होतं, 'लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. हा दोष मुलीकडून तिच्या मुलांत उतरू शकतो.'

मुलगी म्हणजे तीच. दादांना दुसरं अपत्य नव्हतं.

मुलाचे शर्ट अजून तीच काढून द्यायची, वर आळशी म्हणून त्याला झापायचीही. गेले दोन महिने तो दार लावून आकडे पुटपुटत बसायचा. किती अभ्यास करतोय पोर, म्हणून ती दाराशी दूध ठेवायची. आता त्या सगळ्याचा अर्थ तिला वेगळाच लागला. फाइल पिशवीत कोंबून ती रेल्वेच्या दवाखान्याकडे धावत सुटली. त्याचा फोन बंद होता.

पोचली तेव्हा तो तपासणीच्या खोलीतून हसत बाहेर येत होता.

"पास! आई, तू इथं कशी? डॉक्टर म्हणाले, इतकी फटाफट उत्तरं कुणीच देत नाही."

तिनं पिशवीतली एक जुनी पावती चुरगळून पुढे केली. "ही त्या लाल डब्यात टाक."

भिंतीशी कचऱ्याचे दोन डबे होते, एक लाल, एक हिरवा. त्यानं डब्यांकडे पाहिलंच नाही. तो आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, तिची नजर कुठं वळते ते शोधत.

"रंगांच्या तपासणीतली ती ठिपक्यांची पानं, त्यांतले आकडे पाठ केलेस?"

"सगळेच करतात." त्याचा आवाज खाली आला. "आई, सिग्नलच्या जागा मी पाठ करीन. वरचा हिरवा, खालचा लाल, एवढंच तर असतं."

"दादाही असंच म्हणाले होते," ती म्हणाली आणि तिनं फाइल उघडून त्याच्या हातात दिली. तो उभ्याउभ्या वाचत गेला. 'बारा पावलांवर' या शब्दांशी आला आणि थांबला.

"नोकरी जाईल माझी. तू सांगणार आत जाऊन? माझी आई असून?"

तिला रडू फुटलं. आयुष्यात त्यानं हे एकच मागितलं होतं. लहानपणी तिच्याच ओढणीची झेंडी करून तो अंगणात गाड्या सोडायचा. पण रुळांवर वाकलेली ती माणसं तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. दादा जन्मभर गप्प का बसत, ते तिला आज कळलं.

"हो, मी सांगणार," ती म्हणाली. "तू सांगितलंस तर बरं."

तिनं दार वाजवलं. आतून "या" असा आवाज आला. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं आणि एवढा दांडगा मुलगा ते सोडवून न घेता तिच्यामागून आत गेला.