नलूताईंची पुढची सीट

मीराचा फोन आला तेव्हा मी दशम्यांचं पीठ दुधात भिजवत होते. शुक्रवार होता, दुसऱ्या दिवशी नलूताईंना घेऊन सायकलवर जायचं होतं. "मावशी, आई... आई गेला," मीरा म्हणाली. ती नलूताईंची मुलगी. इथंच इंग्लंडात जन्मली, लंडनच्या ईलिंगला राहते, तिचं मराठी असंच आहे. "झोपेतच. पेन वगैरे काही नाही, डॉक्टर म्हणाला." मी नुसती हो, हो म्हणत राहिले. फोन ठेवला, पीठ मळलं आणि सगळ्या दशम्या भाजून टाकल्या. दुसरं काय करायचं ते सुचेना. संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला, डबा उघडून म्हणाला, "आई, एवढ्या कोणासाठी?" तेव्हा कुठे रडू आलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मन बरंच शांत आहे. त्यांची आठवण येते तेव्हा बहुतेक वेळा हसूच येतं.

मी मुलाकडे केंब्रिजला आले ती मिस्टर गेल्यानंतर. मुलगा, सून दिवसभर कामावर. मला इंग्रजी येत नाही, आणि मराठीतही मी फारशी बोलत नाही. कोणी चार माणसांत काही विचारलं की मी उठून काहीतरी आवरायला लागते. नलूताई भेटल्या त्या एका हॉलमधल्या गणपतीत. मी कोपऱ्यात मोदकांची ताटं पुसत होते, त्या भिंतीला हात लावत लावत आल्या आणि म्हणाल्या, "इथं कोणीतरी आहे ना? मला खुर्चीपर्यंत ने." त्या इथल्या हॉस्पिटलात जन्मभर डॉक्टर होत्या. रिटायर झाल्यावर डोळे गेले. पूर्ण नाही, पण मधलं सगळं पुसल्यासारखं, कडेकडेनं तेवढं दिसायचं. ते आता परत येणार नाही असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगून टाकलं होतं.

त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी जायला लागले. त्यांच्या शेडमध्ये दोघांनी चालवायची लांबलचक सायकल होती. त्यांचे यजमान पुढे बसायचे, त्या मागे. तरुणपणापासून दोघं शनिवारी निघायचे, गावागावांतून, कालव्याच्या काठानं, शेतांमधल्या बारक्या रस्त्यांनी. घाई नाही, शर्यत नाही. एका गावात चहा, दुसऱ्या गावात बाकावर डबा, की परत. यजमान गेले आणि सायकल शेडमध्ये गेली. मीरा म्हणत होती, आता एकटी राहू नकोस, लंडनला माझ्या फ्लॅटमध्ये ये. ताईंना जायचं नव्हतं. "तिथं चौथ्या मजल्यावर बसून मी काय ऐकू? लिफ्ट?" असं म्हणायच्या. पण इथंही त्या दिवसचे दिवस खुर्चीतच असायच्या, त्यामुळे मीराला नाही तरी कोणत्या तोंडानं म्हणणार?

एक दिवस चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "सुमन, तुला सायकल येते?"

"लहानपणी यायची. भावाची होती मोठी, नळीच्या खालून पाय घालून चालवायचे. चौथीत होते. मग शाळा सुटली, सायकलपण सुटली."

"मग बस पुढे."

"अहो ताई, मला साध्या पाट्यासुद्धा वाचता येत नाहीत इथल्या!"

"मला दिसत नाहीत, तुला वाचता येत नाहीत. मग वाचायच्यात कोणाला? रस्ते मला पाठ आहेत. तू फक्त दिसतं ते सांग, वळायचं कुठे ते मी सांगते."

आठवडाभर त्यांच्या घरामागच्या गल्लीत आम्ही धडपडलो. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून मी पुढे, हेल्मेट घालून त्या मागे. सुनेनं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मुलगा म्हणाला, "आई, पडशील." पडलेही, दोघी, कोणाच्या तरी गुलाबांत. ताई तिथूनच म्हणाल्या, "वास छान आहे."

पण खरी पंचाईत पुढेच होती. पहिल्या शनिवारी मी इतकी घाबरले होते की गाव मागे पडलं तरी तोंडातून शब्द नाही. मागून आवाज आला, "सुमन, झोपलीस काय?"

"नाही. झाड आहे."

"कसलं झाड?"

"मोठं."

"इथं सगळीच मोठी आहेत बाई. माझ्या पैशाचा चहा प्यायचा असेल तर नीट सांग."

मग मी सांगायला लागले. इंग्रजी नावं येत नव्हती म्हणून आपली सांगायची. रस्त्याच्या कडेला कोथिंबीर फुलावर आल्यासारखी पांढरी फुलं, गुडघ्याच्या वर. पलीकडे मोहरीसारखं पिवळं शेत, पार आभाळापर्यंत. मेंढ्या, त्यांच्या पाठीवर निळ्या रंगानं आकडे घातलेले. ताई म्हणायच्या, "हं, म्हणजे आता डावीकडे पाणचक्की येईल," आणि खरंच यायची. केंब्रिजच्या आसपास सगळं सपाट आहे, चढ म्हणजे कालव्यावरचे पूल तेवढे. पूल आला की मी ओरडायची, "ताई, जोर!" आयुष्यात कोणावर ओरडले नव्हते. लांबून इली गावचं मोठं चर्च दिसायचं, शेतात जहाज उभं केल्यासारखं. ताई त्याच्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारायच्या. आज कसं दिसतंय? धुक्यात आहे का? ऊन कुठल्या बाजूला आहे? मला वाटतं, आधीच्या आयुष्यात मी जेवढं बोलले नसेन तेवढं त्या दोन उन्हाळ्यांत त्या सीटवर बसून बोलले.

दुपारी आम्ही एखाद्या गावच्या चर्चमध्ये टेकायचो. ही चर्चं उघडीच असतात, आत गार असतं. देवाचं घर म्हणून मी दारातच बूट काढायची. ताई आधी हसल्या, "अगं, इथं कोणी काढत नाही." मग म्हणाल्या, "तू काढलेस तर मी कशी घालून जाऊ?" त्यांनीही काढले. एकदा आम्ही आत बसलो होतो, आणि बाहेर पोर्चमध्ये बायका टेबलं मांडून जुन्या वस्तू विकायला लावत होत्या. आम्ही बाहेर आलो तर बूट नाहीत! ताईंचे चांगले, नवे बूट. टेबलामागची म्हातारी लाल लाल झाली. कोणीतरी दान आणून ठेवलेत असं समजून तिनं दोन्ही जोड विकूनसुद्धा टाकले होते. ताईंनी मला सगळं मराठीत सांगितलं आणि त्यांना हसू आवरेना. म्हातारीनं टेबलावरचेच दोन जोड आम्हाला दिले. मला कोणाच्या तरी नवऱ्याचे बागकामाचे बूट, ताईंना गुडघ्यापर्यंतचे हिरवे रबरी. तसल्या बुटांनी पायडल मारताना चर्रचर्र आवाज यायचा. मी हसायला लागले ती थांबेनाच. मोठ्यानं, रस्त्यात. मागून ताई म्हणाल्या, "अगं, तुला हसता येतं की! वळू नकोस, पडू आपण. पण हस." ते रबरी बूट त्यांनी शेवटपर्यंत वापरले.

ताईंच्या दिवसकार्यानंतर मीरा घर आवरायला आली. मी मदतीला गेले. शेडमधल्या सायकलीपाशी ती थांबली. "मावशी, सायकलचं दुकानवाला घेऊन जाईल म्हणतो. मी आईला लंडनला ये, ये म्हणायची ना, तर नेहमी एकच आन्सर. शनिवारी सुमन येते, जमणार नाही. मला राग यायचा, खरं सांगू? मला वाटायचं तिला माझ्याकडे नको आहे." मग तिनं विचारलं, "तुम्ही दोघी इतकं काय बोलायचा?"

काय सांगणार... झाडं, मेंढ्या, फुलं! तिला वाटलं असतं, आईनं मला मेंढ्यांसाठी टाळलं. पण हे असंच ठेवून तिला लंडनला जाऊ द्यावं असंही वाटेना. ओढणीनं मागची सीट पुसली आणि म्हटलं, "एकदा मागे बसतेस का?"

परवा रविवारी आम्ही निघालो. मीरा जिमला जाणारी, पायडल असं मारायची की सायकल हेलकावे खायची. "मावशी, आई एवढ्या स्लो जायचा?" "याहून हळू," मी म्हटलं. नदीकाठ लागला. कोवळं ऊन होतं, बोटींच्या टपावर कुंड्या ठेवलेल्या, एक माणूस पायजम्यातच टोमॅटोला पाणी घालत होता. मी नुसती चालवत होते. तिच्यापुढे काय सांगायचं, तिला तर सगळं दिसतंय. मग मागचा जोर कमी झाला.

"मावशी, मी डोळे मिटलेत. आता सांगा."

मी सांगायला लागले. बोट, कुंड्या, पायजमा. तिनं पायजम्याचा रंग विचारला, तोही सांगितला. पलीकडच्या काठावर गाई पाण्यात उतरल्यात, एकीच्या पाठीवर पक्षी बसलाय. पुढे हिरव्या कुंपणाला गुलाबी जंगली गुलाब आलेत. मागून एकदा नाक ओढल्याचा आवाज आला, मी वळून पाहिलं नाही. मग समोर पूल दिसला.

"पूल येतोय," मी म्हटलं. "चढ आहे थोडा."

"मग डोळे उघडू का?"

"नको," मी म्हटलं. "मी आहे ना पुढे."